न गळणारं कणीस

सीरियात युफ्रेटिस नदीच्या काठावर अबू हुरैरा नावाचं एक टेकाड होतं. होतं म्हणायचं, कारण धरण बांधलं आणि ते पाण्याखाली गेलं. पाणी चढण्याआधी १९७२ आणि १९७३ असे दोनच हंगाम मिळाले. तेवढ्यात अँड्र्यू मूर आणि त्यांच्या टीमनं जमेल तेवढं उकरून घेतलं. आपल्याकडे धरणात जाणाऱ्या गावातले लोक देवळातली मूर्ती तेवढी उचलून वर आणतात. यांनी हाडं आणि जळके दाणे आणले.

ही हाडं पुढे लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये थेया मोलसन यांनी तपासली. त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायला लागली. पायाच्या अंगठ्याचा सांधा झिजलेला, गुडघ्यावर हाडाची वाढ, पाठीचा खालचा मणका दबलेला. तिन्ही एकाच माणसात. असं कधी होतं? रोज कित्येक तास, पायाची बोटं मागे मुडपून, गुडघ्यावर बसून, अख्खं अंग पुढं-मागं ढकलत दगडावर दगड घासला की होतं. म्हणजे पाटा-वरवंट्यासारख्या जमिनीवरच्या दगडावर धान्य दळणं. आणि हे सांगाडे बहुतेक बायकांचे होते.

शेतीच्या सुरुवातीचा हा माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा आहे. नांगर नाही, कोठार नाही, बाईचा अंगठा.

आमच्या आजीचे दोन्ही गुडघे गेलेले होते. तिचं दळण जात्यावरचं, म्हणजे बसायची पद्धत वेगळी, आणि गावात गिरणी आल्यावर ते सुटलंही. पण खुरपं सुटलं नाही. उकिडवं बसून, एका पायावर भार देत, सरीनं पुढं सरकत तिनं किती किलोमीटर खुरपलं असेल याचा मी एकदा हिशोब करायला बसले होते आणि मध्येच सोडून दिला. तिला विचारलं, तर ती म्हणाली, "गुडघ्याचं काय घेऊन बसलीस, रान तर स्वच्छ राहिलं."

आता मुद्द्याचं सांगते. माझा दादा बत्तीस वर्षांचा आहे. शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठाला आमचं चार एकर आहे. दीड एकर ऊस, बाकी कांदा, मेथी, कोथिंबीर. गोठ्यात दोन संकरित गाई. कर्ज आहे, पण झोप उडेल एवढं नाही. व्यसन नाही. दिसायला माझ्यापेक्षा बरा. आणि त्याचं लग्न जमत नाही. सात वर्षं बायोडाटा फिरतोय. मुलीकडचे विचारतात, पुण्यात फ्लॅट आहे का? चाकण किंवा रांजणगावच्या एमआयडीसीत कुठं परमनंट आहे का? नाही म्हटलं की "कळवतो". हे काही आमच्याच घरचं नाही. आमच्या वस्तीवर तिशी ओलांडलेली अशी नऊ पोरं आहेत.

आणि मी? माझ्या वेळी मीच म्हटलं होतं, शेतकरी नको. मी म्हणायच्या आधी आई म्हणाली होती. मला त्याचा पश्चात्ताप नाही आणि आज विचारलंत तरी मी तेच म्हणेन.

म्हणून शेतीचा उगम हा विषय वाचायला घेतला तेव्हा माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. ज्या काळात कुणालाच शेती करायची सक्ती नव्हती, सातबारा नव्हता, बाप शेतकरी नव्हता, त्या काळात पहिल्या बाईनं याला हो का म्हटलं?

शाळेत शिकवलेलं उत्तर असं होतं की माणूस भटकत होता, उपाशी होता, मग त्याला शेतीचा शोध लागला, तो स्थिर झाला आणि प्रगती सुरू झाली. १९३०च्या दशकात गॉर्डन चाइल्ड यांनी याला 'नवाश्मयुगीन क्रांती' असं नाव दिलं आणि क्रांती म्हटल्यावर आपल्याला वाटतं, एका सकाळी झाली असणार. पण धान्य माणसाला शेतीच्या फार आधीपासून ठाऊक होतं. इस्राएलमधल्या गॅलिली सरोवराकाठी ओहालो नावाची वस्ती सापडली आहे, सुमारे २३,००० वर्षांपूर्वीची. तिथले लोक रानातला जव आणि गहू गोळा करून दगडावर वाटून खात होते. आणि त्यानंतर दहा-बारा हजार वर्षं शेतीच्या फंदात कुणी पडलं नाही. त्यांना जमत नव्हतं असं नाही. गरज नव्हती.

गरज का नव्हती, हे जॅक हार्लन या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात करून दाखवलं. तुर्कस्तानात डोंगरउतारावर आजही रानगहू उगवतो. हार्लन गारगोटीच्या पात्यांचा विळा घेऊन तिथं गेले आणि कापायला लागले. तासाला साधारण किलोभर स्वच्छ दाणे निघाले. त्यांचा हिशोब असा की एका कुटुंबानं तीनेक आठवडे कापणी केली, तर वर्षभर खाऊन उरेल एवढं धान्य होईल. नांगरणी नाही, खुरपणी नाही, खत नाही, युरियाची रांग नाही. तीन आठवडे काम आणि मग बसून खा! दादाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग ह्यांना कुणी चावलं होतं?"

उत्तर कणसात आहे.

तीळ केला असेल त्या घरात ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तीळ पूर्ण वाळायची वाट बघितली की बोंडं उलतात आणि दाणा रानात सांडतो. म्हणून जरा हिरवट असतानाच कापतात, पेंढ्या बांधून उभ्या करतात आणि मग कापडावर उलट्या करून झटकतात. मुगाच्या शेंगांचंही तसंच, दुपारच्या उन्हात तोडायला गेलं की तडकतात. झाडाच्या बाजूनं बघितलं तर यात काहीच चूक नाही. बी सांडलं नाही तर पुढच्या वर्षी उगवणार कसं? रानगव्हाचं कणीस असंच असतं. पिकलं की त्याचा दांडा सांध्यासांध्यातून सुटतो आणि दाणे वाऱ्यावर गळतात.

पण क्वचित एखाद्या झाडात गडबड असते. एखाद्या जनुकातला बदल, बस. त्याचं कणीस पिकूनही गळत नाही. रानात हे झाड अपंगच. त्याचं बी कणसातच अडकून कुजतं. पण विळा घेऊन माणूस आला की गंमत उलटी होते. विळ्याचा धक्का बसताच चांगल्या झाडांचे दाणे मातीत जातात आणि हे अडून बसलेलं कणीस तेवढं टोपलीत येतं. टोपलीतलंच थोडं पुढच्या वर्षी पेरलं, की त्यात न गळणारी जरा जास्त. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी जरा जास्त. होता होता सगळं रान न गळणाऱ्या कणसांचं होतं. आता ते झाड स्वतःचं बी स्वतः पेरू शकत नाही. त्याला माणूस लागतो. आणि माणसाची माणसं एवढाली वाढलेली असतात की त्यालाही ते सोडून जाता येत नाही.

याला किती काळ लागला असेल? गॉर्डन हिलमन आणि स्टुअर्ट डेव्हिस यांनी १९९०मध्ये रानगव्हावर प्रयोग करून आकडेमोड केली होती: सगळं जुळून आलं तर वीस-तीस वर्षांतही होईल, फार तर दोनशे. पण नंतर उत्खननांत सापडलेले जळके दाणे आणि तुसं मोजली गेली तेव्हा दिसलं की प्रत्यक्षात दोन-तीन हजार वर्षं लागली. पंचवीस वर्षांची पिढी धरली तर ऐंशी ते एकशेवीस पिढ्या. या सगळ्यांत एकाही माणसाला 'आपण शेतीचा शोध लावतोय' असं वाटलेलं नाही. तो आपला मागच्या वर्षीसारखंच करत होता, थोडंसं जास्त. माझा प्रश्न होता, हो कुणी म्हटलं. तर तसं कुणी म्हटलंच नाही. आमच्या वस्तीवर सगळ्यांनी ऊस लावायचा असं तरी कधी कुणी ठरवलं होतं?

जनावरांचं मात्र थोडं वेगळं आहे. कुत्रा आपल्याकडे शेतीच्या आधीच येऊन बसला. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथं १९१४मध्ये दगडाच्या खाणीत एक थडगं सापडलं, सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं. एक पुरुष, एक बाई आणि एक कुत्रा. या कुत्र्याचे दात शंभर वर्षांनी नीट तपासले तेव्हा कळलं की ते पिल्लूच होतं, सातेक महिन्यांचं, आणि त्याला बहुधा डिस्टेंपर झाला होता. त्या आजारात काळजी घेतल्याशिवाय पिल्लू आठवडे काढत नाही. यानं काढले. शिकारीच्या कामाचं नव्हतं, राखणीच्या कामाचं नव्हतं. कुणीतरी त्याची उलटी-घाण काढत, पाणी पाजत बसलं होतं. ते कुणी बसलं असेल याचा मला अंदाज आहे, पण पुरावा नाही, म्हणून सोडते.

शेळीचा पुरावा इराणच्या झाग्रोस डोंगरातला. गंज दरेह नावाच्या जागी १०,००० वर्षांपूर्वीच्या शेळ्यांची हाडं सापडली. पाळीव शेळी आणि रानशेळी यांची हाडं इतक्या सुरुवातीला दिसायला सारखीच. मग ओळखायचं कसं? मेलिंडा झेडर आणि ब्रायन हेसी यांनी २०००मध्ये युक्ती काढली: मेलेल्या जनावराचं वय आणि लिंग बघायचं. शिकारी माणूस मोठा, भरलेला नर मारतो. गंज दरेहला मात्र मारलेले नर सगळे कोवळे आणि माद्या म्हाताऱ्या. म्हणजे कुणीतरी कळप राखत होतं. हा शोध जगातल्या नावाजलेल्या विज्ञान-नियतकालिकात छापून आला. मी काकूला मोठ्या उत्साहानं सांगितलं. काकूच्या अकरा शेळ्या आहेत. बोकड बकरी ईदच्या आधी विकतात, शेळी वेतं देते तोवर ठेवतात. काकू ऐकून म्हणाली, "मग दुसरं काय करणार?"

आपल्या गाईचीही स्वतंत्र गोष्ट आहे. वशिंडवाली गाय आणि युरोपातली सपाट पाठीची गाय यांच्या डीएनएची तुलना १९९४मध्ये झाली. त्यांचे रानटी पूर्वज लाखो वर्षांपूर्वीच वेगळे झालेत, म्हणजे गाय दोनदा, दोन वेगळ्या ठिकाणी माणसाळवली गेली. वशिंडवालीचं ठिकाण सिंधूच्या पश्चिमेला. बोलन खिंडीजवळच्या मेहरगढला जाँ-फ्रांस्वा जारीज यांनी १९७४पासून खोदकाम केलं. तिथं खालच्या थरांत हरणं, रानगुरं अशी शिकारीची हाडं खूप. जसजसं वर यावं तसतशी गुरं वाढत जातात आणि आकारानं लहान होत जातात. अण्णांची खिल्लार जोडी आम्ही विकली तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी विकलीच असती. ट्रॅक्टर तासावर मिळतो, बैल वर्षभर खातो.

आता घरापाशी येते. आमच्याच घोडनदीवर, शिरूर तालुक्यातच, इनामगाव आहे. तिथं १९६८ ते १९८३ अशी बारा-पंधरा वर्षं डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं त्यामागे आहेत. इ.स.पू. १६००च्या सुमारास वस्ती सुरू होते आणि इ.स.पू. ७००च्या सुमारास संपते. शंभराहून जास्त घरं उघडी झाली. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांचा एवढा तपशील दुसरीकडे क्वचितच मिळतो. पुराचं पाणी वळवायला त्यांनी पाट खणला होता, बांध घातला होता. जव हे मुख्य पीक, शिवाय थोडा गहू, मसूर, कुळीथ.

ज्वारीबद्दल मुद्दाम बोलते, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर 'आपल्या मातीतली भाकरी' असं काहीतरी रोज येतं. ज्वारी आफ्रिकेतली. पूर्व सुदानात सापडलेल्या, पाच हजार वर्षांहून जुन्या खापरांच्या मातीत ज्वारीच्या तुसाचे ठसे मिळाले. कुंभारानं माती मळताना घातलेलं तूस. २०१७मध्ये त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या ठशांमध्ये गळणारी आणि न गळणारी, दोन्ही प्रकारची ज्वारी एकत्र आहे. त्या लांबलचक प्रवासाच्या ऐन मध्यावरचा हा फोटोच. बाजरीही आफ्रिकेतली, सहाराच्या दक्षिण कडेची. नाचणीही तिकडचीच. अस्सल इथली म्हणाल तर मूग आणि कुळीथ. कुळथाच्या पिठल्याला नाक मुरडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

इनामगावातलं मला खरं धरून ठेवलं ते घरांच्या जमिनीखालच्या मडक्यांनी. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून, आत लहान मूल. घराच्या जमिनीत खड्डा करून पुरलेलं. वर सारवलं जायचं, चूल पेटायची, दुसरं मूल रांगायचं. इनामगावात अशी दोनशेहून अधिक दफनं मिळाली आणि त्यांत बहुसंख्य मुलांची. मोठ्या माणसांनाही घरातच पुरत, पण घोट्यापासून पाय तोडून. मेलेल्यानं भूत होऊन कुठं निघून जाऊ नये म्हणून असावं, असा उत्खनन करणाऱ्यांचा कयास.

एवढी मुलं का? कारण एवढी जन्मत होती. शेती कशी जिंकली याचं उत्तरही इथंच आहे, आणि ते पिकात नाही, पाळण्यात आहे. कलहारीतल्या कुंग लोकांचा अभ्यास झाला तेव्हा तिथल्या बायकांच्या दोन बाळंतपणांत साधारण चार वर्षांचं अंतर दिसलं. मूल कडेवर घेऊन मैलोन्‌मैल चालणारी बाई दुसरं लवकर होऊ देत नाही. अंगावरचं दूधही लांबतं. पण घर एका जागी आलं, दगडावर दळलेल्या पिठाची पेज बाळाला भरवता यायला लागली, की दूध लवकर सुटतं आणि पुढचा दिवस लवकर राहतो. मुलं मरतात, पण मरूनही शिकाऱ्यांपेक्षा जास्त उरतात. जगभरच्या जुन्या दफनभूमींत शेती आल्यावर पोरांच्या सांगाड्यांचं प्रमाण वाढलेलं दिसतं. शेतकरी सुखी होता म्हणून शेती पसरली नाही. शेतकरी जास्त होते. आजीची बाळंतपणं आठ, जगलो-वाचलेले पाच. मधल्या तिघांची नावंसुद्धा घरात कुणाला सांगता येत नाहीत.

हरारींचं 'सेपियन्स' तुम्हीही वाचलं असेल. माणसानं गहू पाळला नाही, गव्हानं माणसाला पाळलं, असं त्यात आहे. वाक्य झकास आहे आणि न गळणाऱ्या कणसाची गोष्ट बघता बरंचसं खरंही आहे. माझी अडचण 'माणसाला' या शब्दाशी आहे. कुठल्या माणसाला? अबू हुरैराचा अंगठा 'मानवजातीचा' नाही. पेज भरवत पुन्हा दिवस गेलेली बाई म्हणजे 'सेपियन्स' नाही. गव्हानं ज्याला वाकवलं त्याला गुडघे होते आणि ते गुडघे घरात सगळ्यांचे सारखे झिजले नाहीत.

म्हणून पारावर "हल्लीच्या पोरींना शेतकरी नको, नखरे वाढलेत" असं कुणी बोललं की मला राहवत नाही. अहो, दहा हजार वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिला विचारतंय. विचारलं तर ती नाही म्हणतेय, एवढंच.

हे दादालाही ठाऊक आहे. तो बायोडाटात 'ॲग्रो बिझनेस' लिहायला तयार नाही. मामांनी सुचवलं होतं; तो म्हणाला, शेती आहे तर शेतीच लिहा. तो मुलींवर चिडतही नाही. मागच्या दिवाळीत आम्ही दोघं इनामगावच्या वाटेनं गाडीवर चाललो होतो, तेव्हा त्याला मी तिथल्या शेवटच्या दिवसांचं सांगितलं. ढवळीकरांच्या मते पाऊस कमी होत गेला. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शिकार पुन्हा वाढली आणि अखेर लोक गाव सोडून गेले. दादानं ऐकून विचारलं, "म्हणजे सोडून जाता येतं?" मी म्हटलं, त्यांना आलं. तो म्हणाला, "मला जायचं नाहीये पण. मला फक्त एकट्यानं राहायचं नाहीये." त्यानंतर न्हावऱ्यापर्यंत आम्ही काही बोललो नाही.

यंदा त्यानं एक वेगळंच काढलंय. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी 'लक्ष्मी मुक्ती' म्हणून बायकांची नावं जमिनीवर लावायची मोहीम चालवली होती, पुढं सरकारनंही त्याच नावाची योजना आणली. ती माहिती त्याला कुठून तरी मिळाली. आता तो सांगतो, येणाऱ्या मुलीचं नाव पहिल्या वर्षीच सातबाऱ्यावर लावीन, बायोडाटात तसं लिहा. मामा म्हणाले, असं लिहिलं तर लोक म्हणतील मुलात काहीतरी खोट आहे.

आई आतून भांडी घासत ऐकत होती. हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "येणारीचं लावा, चांगलंच आहे. पण आलेली आहे, तिचं?" अण्णा म्हणाले, "बघू की." आजीचं नाव आजोबा गेल्यावर वारसनोंदीत लागलं होतं, तेही चार भावांच्या खाली.

आई उभीच राहिली. म्हणाली, "कधी बघू? तारीख सांगा."